शाळेची घंटा थांबली तेव्हा

शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तके, गृहपाठ आणि परीक्षा येतात. शाळा मुलांच्या शरीरालाही काही देते, याचा विचार आपण क्वचितच करतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, याची चर्चा घरोघरी झाली. पण त्याच मुलांचे चालणे, धावणे, वेळेवर जेवणे आणि वेळेवर झोपणेही बंद पडले, त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

शाळेच्या एका साध्या दिवसाचा हिशोब मांडून पाहा. मुलगा पायी शाळेत जातो, जिने चढतो-उतरतो, मधल्या सुट्टीत धावतो, पीटीच्या तासाला घाम गाळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. शाळेचा दिवस त्यातला बराचसा वाटा न सांगता उचलत असे. तरीही परिस्थिती आधीपासूनच चांगली नव्हती. याच संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. म्हणजे दुखणे जुनेच होते, लॉकडाऊनने ते वाढवले.

मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या दाट वस्त्यांत एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. तिथे अंगण म्हणजे गल्ली, आणि गल्लीतच पाऊल टाकायची बंदी. उरला तो मोबाइल. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे चारच ऑनलाइन तास असावेत, असे त्यांत म्हटले होते. आम्ही शिक्षक तास संपवत होतो, पण मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नव्हता. अभ्यासाच्या जागी गेम आणि व्हिडिओ येत होते.

त्यातच २५ एप्रिल २०२० ला रमजान सुरू झाला. मशिदीतली जमात बंद, तरावीह घरीच. एरवी मुले पायी मशिदीत जात आणि सेहरी, फजरनंतर थोडी झोप काढून शाळेत हजर होत. त्या वर्षी अनेक घरांत मुले मोबाइल हातात घेऊन सेहरीपर्यंत जागली आणि जोहरच्या अजानपर्यंत झोपली. यात रोजाचा दोष नाही. रोजा तर वेळ पाळायला शिकवतो. पण घड्याळाला धरून ठेवणारी शाळा नव्हती. २५ मे रोजी ईद झाली, तरी रात्रीचे जागरण संपले नाही. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि तीही रात्रीची.

ताटाची गोष्ट घराघरांत वेगळी होती. जिथे पगार चालू होता, तिथे केक, पिझ्झा, तळलेले पदार्थ घरीच बनू लागले आणि स्क्रीनसमोर बसून खाल्ले गेले. जिथे यंत्रमाग थांबले, रोजंदारी बुडाली, तिथे आधी दूध, अंडी आणि फळे गेली, मग डाळ पातळ झाली. आठवीपर्यंतच्या मुलांना मध्यान्ह भोजनाऐवजी तांदूळ आणि डाळी मिळाल्या. तो शिधा साहजिकच साऱ्या घराच्या पातेल्यात गेला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही अनेकींची चुकली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यांच्यासाठी ही गोळी म्हणजे मोठा आधार होता.

सर्वांत जास्त गमावले ते मुलींनीच. निर्बंध सैल होताच मुलगे क्रिकेटला पळाले, मुली मात्र स्वयंपाकघरातच राहिल्या. "घरकाम म्हणजे व्यायामच की!" असे अनेक अम्मी आम्हाला म्हणाल्या. घरकामाने मुलगी थकते हे खरे, पण त्यात धावणे नाही, ऊन नाही, मैत्रिणी नाहीत. शाळेची वाट हीच अनेकींची एकमेव मोकळी वाट होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, तेव्हा आमच्या वर्गातली काही बाके रिकामीच राहिली. कोणाचे लग्न झाले होते, कोणी घरबसल्या शिलाईला लागली होती. ज्या आल्या, त्यांतल्या काहींना परिपाठात उभे राहतानाच चक्कर येत होती.

मनावरही याचा परिणाम झाला. चिडचिड, अबोला, जेवणावरून उठून जाणे, आवडत्या गोष्टीतही मन न लागणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर मुलाला आळशी किंवा उद्धट ठरवू नका. शेजारी बसून विचारा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या. त्यात लाज कसली?

आता शाळा सुरू झाल्या आहेत, पण सवयी आपोआप परतत नाहीत. पालकांना आमच्या चार सूचना आहेत. एक वेळचे जेवण तरी सगळ्यांनी एकाच दस्तरख्वानवर घ्यावे, मोबाइल दूर ठेवून. रात्री सर्वांचे फोन, अब्बूंचाही, एकाच जागी ठेवावेत. फुटाणे, गूळ, पालेभाजी, परवडेल तेव्हा अंडे द्यावे. डाळ-भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. आणि असरनंतरचा एक तास मुलामुलींच्या खेळाचा ठरवावा. गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला किंवा भरभर चालायला पैसे लागत नाहीत.

मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींनाही एक विनंती आहे. शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर फक्त मुलींसाठी उघडे ठेवा. दोन शिक्षिका आणि दोन माता तिथे थांबल्या तरी पुरे. मुलाच्या घामाला आपण मेहनत म्हणतो. मुलीलाही तो घाम गाळायला जागा मिळायला हवी.