नेटबॉलमधून आलेली पोर्शिया

काल भाचीचा नेटबॉलचा सामना बघताना पोर्शिया वुडमन-विक्लिफ आठवली.

न्यूझीलंडची ही रग्बीपटू आधी नेटबॉलच खेळायची. वडील आणि काका मात्र दोघंही ऑल ब्लॅक्स, म्हणजे रग्बीच्या राष्ट्रीय संघातले!

रिओ ऑलिंपिकला रौप्य, मग टोकियो आणि पॅरिसला सुवर्ण. 2017 च्या विश्वचषकात हाँगकाँगविरुद्ध एकटीचे 8 ट्राय. (चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण.)

तिची धाव नीट बघा. कडेच्या रेषेलगत, चेंडू बाहेरच्या हातात, मोकळ्या तळव्याने अडवणारीला दूर ढकलत. असं देखणं दृश्य खेळात दुसरं नाही.

मधे टाचेच्या दुखापतीने खूप काळ बाहेर होती. तरी 2022 मध्ये विश्वविजेत्या संघात ती होतीच.