उलटसुलट चालणारा पाना

पैनगंगा ओलांडून दक्षिणेस उतरले की आदिलाबादची कपाशीची काळी जमीन लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ह्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात मोडतो. तरीही आदिलाबादच्या कापूसबाजारात तेलुगू व उर्दू यांच्या जोडीने मराठी आजही ऐकू येते. दिवाळीच्या सुमारास येथील जिनिंग कारखाने जागे होतात. सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे एकदा सुरू झाले की ते हंगाम संपेपर्यंत क्वचितच विसावा घेतात.

अशा दिवसांत एखादा रेचा बंद पडला तर त्याचा फटका एकट्या कारखानदारास बसत नाही. कारखान्याच्या आवारात कापसाचा ढीग वाढतो, जागा उरत नाही, आणि बाहेर रस्त्यावर शेतकऱ्यांची वाहने खोळंबतात. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होतो, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत फिरतो. रात्रभर दहिवरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या धन्याला हा हिशेब चांगला ठाऊक असतो. म्हणून बिघाड किती मोठा आहे, ह्यापेक्षा तो किती वेळात निघतो हा प्रश्न तेथे अधिक महत्त्वाचा ठरतो. पुष्कळदा बिघाड लहानच असतो. एखादा रूळ उतरवावयाचा असतो किंवा सुरीचे अंतर नीट करावयाचे असते. परंतु त्यासाठी जो बोल्ट सोडवावयाचा, तो नेमका पत्र्याच्या आड, हात जेमतेम शिरेल अशा सांदीत बसलेला असतो.

साध्या पान्याची अडचण अशा जागी कळून येते. नटाला सहा बाजू असतात. त्यामुळे पाना एकदा लावून फिरविला, काढला आणि पुन्हा लावला, तर दोन वेळांमध्ये साठ अंशांचे अंतर पडते. पान्याचा दांडा पंचवीस सेंटीमीटर लांब असेल, तर साठ अंशांत त्याचे टोक सुमारे सव्वीस सेंटीमीटर सरकते. म्हणजे दांडा जेवढा लांब, जवळजवळ तेवढीच मोकळी जागा बाजूला हवी. उघड्या तोंडाच्या पान्याचे डोके पंधरा अंशांनी तिरपे घडवितात ते ह्याच अडचणीपायी. पाना एकदा सुलटा व एकदा पालथा लावला की तीस अंशांत काम भागते. बारा कोनांच्या रिंग पान्यालाही तीसच अंश लागतात. तीस अंश म्हणजे तेरा सेंटीमीटर. रेच्याच्या पोटात तेवढी जागा असतेच असे नाही. शिवाय प्रत्येक वेळी पाना काढून, अंधारात चाचपून पुन्हा नटावर बसवावा लागतो. एका लांब बोल्टाला वीस-पंचवीस फेरे असले तर हा खटाटोप शंभरावर वेळा करावा लागतो. कारागिराच्या बोटांची साले निघतात ती ह्यातच.

रॅचेट पाना ह्या अडचणीवर तोडगा काढतो. तो नटावरून काढावा लागत नाही. दांडा पुढे ओढला की नट फिरतो, मागे नेला की नट जागीच राहतो आणि पान्यातून कट्कट् असा आवाज येतो. पुढे काम आणि मागे नुसता परतीचा प्रवास, असा त्याचा व्यवहार. सायकलचे पायडल मागे फिरविले असता जो आवाज मागच्या चाकातून येतो, तो ह्याच जातीचा होय. पंजाबातील रहाटगाडग्यांवरही लोखंडी खिटी बसविलेली असे. बैल थांबले तरी भरलेल्या गाडग्यांच्या ओझ्याने रहाट उलटा फिरू नये, हे तिचे काम. तिचा टकटक आवाज रात्रभर चाले आणि तिकडचे शेतकरी तिला ‘कुत्ता’ म्हणत. राखण करणाऱ्या खिटीला ह्याहून चपखल नाव सापडणे कठीण.

आता ह्या पान्याचे डोके उघडून आत पाहावे. मधोमध एक लहान पोलादी दंतचक्र असते. त्याच्या एका अंगाला चौकोनी खुंट बाहेर निघालेला असतो. त्यावर गोटी बसते आणि गोटी नटाला धरते. दंतचक्राला लागून एक खिटी असते व तिच्या मागे एक बारीक स्प्रिंग. साध्या, एकाच दिशेच्या रॅचेटमध्ये चक्राचे दाते करवतीसारखे असतात: एक बाजू उभी, दुसरी उतरती. उभ्या बाजूवर खिटी अडकते, उतरत्या बाजूवरून ती घसरून पुढच्या दात्यात पडते. घसरताना स्प्रिंग दबते आणि खाली पडताना आवाज होतो.

परंतु असा पाना एकाच दिशेचा झाला. बोल्ट आवळण्यास तो चालेल, सोडविण्यास तो पालथा करून लावावा लागेल. दोन्ही दिशांचा पाना करावयाचा तर करवतीचे दाते उपयोगाचे नाहीत, कारण त्यांची दिशा घडवितानाच ठरून गेलेली असते. म्हणून उलटसुलट रॅचेटमधील दाते दोन्ही अंगांनी सारखे असतात. चक्राला स्वतःची आवड अशी काही राहत नाही. दिशा ठरविण्याचे काम खिटीकडे येते. ही खिटी दोन टोकांची असून मध्ये एका खिळीवर डुलते. डोक्याच्या मागे असलेली लहानशी कळ एका बाजूस लोटली की खिटीचे उजवे टोक दात्यांत शिरते व डावे वर उचलले जाते. कळ दुसरीकडे लोटली की उलट होते. जे टोक दात्यांत असते, ते एका दिशेच्या जोराने दात्यांत अधिकच रुतते आणि दुसऱ्या दिशेच्या जोराने बाहेर फेकले जाते. काही पान्यांत खिटी डुलत नाही, पाचरीसारखी डावीउजवीकडे सरकते व चक्र आणि डोक्याची भिंत यांच्यामध्ये आवळली जाते. तत्त्व तेच. कळ मधेच लोंबकळत राहू नये म्हणून तिच्याखाली स्प्रिंगवर बसविलेला छर्रा असतो. तो तिला ह्या किंवा त्या खाचेत ढकलून ठेवतो.

ही सोय केवळ आवळणे व सोडविणे ह्यांपुरती आहे असे वाटेल, पण तिचा खरा उपयोग संकटात कळतो. सांदीतला बोल्ट सोडविताना तो हळूहळू वर येत असतो. त्याचे डोके वर येता येता पाना समोरच्या भिंतीला किंवा पत्र्याला टेकतो. आता पाना काढावा तर तो बोल्टाचे डोके आणि भिंत ह्यांच्यात सापडलेला. आणि पुन्हा आवळून मोकळा करावा तर एकदिशी पाना उलट फिरण्यास तयार नाही. अशा वेळी पाना कापण्यावाचून किंवा यंत्राचा दुसराच भाग उतरविण्यावाचून गत्यंतर नसते. कळ असलेला पाना मात्र एका बोटाने उलटवून बोल्ट दोन फेरे परत आत घालता येतो आणि पाना सुटतो. जाणते कारागीर अशा ठिकाणी काम सुरू करण्यापूर्वीच बोल्टाची लांबी व वरची जागा नजरेने मापून घेतात.

दात्यांच्या संख्येकडेही पाहिले पाहिजे. चक्राला चोवीस दाते असतील तर खिटीला पुढचा दाता गाठण्यास पंधरा अंश फिरावे लागते. पंचवीस सेंटीमीटरच्या दांड्याचे टोक तेव्हा साडेसहा सेंटीमीटर हलते. बहात्तर दाते असतील तर पाचच अंश, म्हणजे टोकाशी सुमारे २.२ सेंटीमीटर. प्रत्यक्षात गोटी आणि नट यांच्यातील ढिलेपणामुळे थोडे अधिक हलवावे लागते, तरी फरक मोठाच आहे. मग दोनशे दाते का करू नयेत? कारण दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो. बारीक दात्याची उणीव भरून काढण्यासाठी खिटीलाही एकाऐवजी अनेक दाते पाडावे लागतात, म्हणजे भार वाटला जातो. त्यासाठी घडाई अचूक हवी. नाहीतर सगळा भार एकट्या दात्यावर येतो आणि बाकीचे नुसते शोभेला राहतात.

हा भार किती असतो ह्याचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पंचवीस सेंटीमीटरच्या दांड्यावर माणसाने वीस किलोचा जोर लावला आणि दंतचक्राची त्रिज्या १.३ सेंटीमीटर धरली, तर दात्यांवर सुमारे ३८५ किलोंचा जोर येतो. चांगल्या पोलादाला हे पेलते. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद तापवून, विझवून, पाणी देऊन कठीण केलेले असते. आता गंजलेला बोल्ट हलेना, म्हणून त्याच दांड्यावर लोखंडी नळी चढविली, लांबी पाऊण मीटर केली आणि साठ किलोचा माणूस तिच्यावर लोंबकळला असे समजावे. दात्यांवरचा जोर साडेतीन टनांच्या घरात जातो. खिटी निसटते किंवा दाते तुटतात, दांडा एकाएकी मोकळा होतो, आणि ज्या दिशेला माणसाने सारे अंग झोकून दिलेले असते त्या दिशेला त्याचे बोट, कोपर वा कपाळ यंत्रावर आपटते. अशा अपघातात दोष पान्याला दिला जातो. वस्तुतः पहिला दणका देणे हे रॅचेटचे काम नव्हेच. घट्ट बसलेला बोल्ट आधी तेल सोडून, लांब अखंड दांड्याने मोडून घ्यावा. तो एकदा सैल झाला की मग रॅचेटने भराभर फिरवावा. आवळतानाही शेवटचा जोर त्या दांड्यानेच किंवा मोजून आवळणाऱ्या पान्याने द्यावा. आदिलाबादवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर मालमोटारींची चाके उतरविणारे कारागीर चाकाच्या नटाला रॅचेट लावीत नाहीत ते ह्यासाठीच.

याच्या उलट टोकाची एक गंमत आहे. नट फारच सैल असेल तर रॅचेट चालत नाही. दांडा मागे नेताना खिटीला स्प्रिंग दाबण्यापुरता विरोध हवा असतो. तो नटाच्या आट्यांतील घर्षणाने मिळतो. घर्षण नसेल तर नट दांड्याबरोबरच मागे येतो आणि काम तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणून नट प्रथम बोटांनी चढवावा लागतो.

गोटीचा असा रॅचेट पाना अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात वुडस्टॉक येथील जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ साली पेटंट घेऊन पुढे आणला. त्यानंतर शंभर वर्षांनी त्यात जी एक लहान भर पडली, तिची कथा मोठी उद्बोधक आहे. गोटी खुंटावरून पडू नये म्हणून खुंटाच्या अंगात स्प्रिंगवरचा छर्रा बसवितात. छर्रा कडक असेल तर तेलकट हातांनी गोटी निघत नाही. सैल असेल तर ती नको तेव्हा पडते. सिअर्स ह्या बड्या दुकानसंस्थेत काम करणाऱ्या पीटर रॉबर्ट्स नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने पान्याच्या पाठीवर एक कळ बसविली. अंगठ्याने ती दाबली की छर्रा आत जातो आणि गोटी एका हाताने सुटते. १९६५ साली त्याला पेटंट मिळाले. कंपनीने त्याला ह्या सुधारणेचे मोल थोडेच आहे असे भासवून दहा हजार डॉलरांवर हक्क घेतले आणि पुढील दहा वर्षांत असे दोन कोटी साठ लाखांवर पाने विकले. रॉबर्ट्सने न्यायालयात धाव घेतली. फसवणूक झाल्याचा निर्णय ज्यूरीने दिला, पण अपिले चालतच राहिली, आणि १९८९ साली ८२ लाख डॉलरांवर तडजोड झाली. तोवर तो तरुण चाळिशी ओलांडून गेला होता.

जिनिंग कारखान्यात ह्या छर्र्याला आणखी एक अर्थ आहे. सुटून पडलेली गोटी कापसात गेली आणि तशीच यंत्रात ओढली गेली, तर लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी पुरते. यास्तव दुरुस्तीनंतर वीज जोडण्यापूर्वी गोट्या मोजून डब्यात ठेवण्याची शिस्त असावी लागते. झिजलेल्या छर्र्याचा पाना कितीही चांगल्या छापाचा असला तरी तो रेच्यावर नेऊ नये.

पाने घडविण्याचा धंदा आपल्याकडे पंजाबात जालंदरला मोठा आहे. महाराष्ट्रात नाशिकलाही हातहत्यारांचा कारखाना आहे. किंमत पाहून स्वस्तातला स्वस्त पाना घेणे कारागिराला शेवटी महाग पडते. घेताना कळ दोन्हीकडे लोटून, खुंट बोटांनी फिरवून पाहावा: एका दिशेने तो अडला पाहिजे, दुसऱ्या दिशेने हलक्या हाताने, एकसारख्या आवाजात फिरला पाहिजे. मधेच एखादा ठोका गळत असेल तर तेथे दाता दुखावलेला आहे असे समजावे.

कापसाच्या गावात ह्या पान्याचा खरा शत्रू गंज नसून रुईची धूळ होय. डोक्याच्या फटीतून ती आत जाते, जाड ग्रीसमध्ये कालवली जाते आणि तिचा नमद्यासारखा थर दात्यांच्या खोबणीत बसतो. खिटी मग पुरती आत शिरत नाही, दात्याच्या टोकावरच टेकते. वरून पाना धडका दिसतो, आवाजही देतो. जोर पडला की घसरतो. उपाय सोपा आहे. डोक्यावरचे दोन बारीक स्क्रू काढावेत, स्प्रिंग उडून हरवू नये म्हणून हे काम फडक्यावर करावे, सगळे भाग रॉकेलने धुवावेत आणि जाड वंगण न घालता पातळ तेलाचे दोन थेंब सोडून पुन्हा बसवावेत. हंगामात हे महिन्यातून एकदा करावे लागते आणि त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.