कोलोनोस्कोपी: कॅमेरा कितीही भारी असो, आदल्या दिवशीची तयारी आपल्याच हातात

आज फोनचा नाही, पण कॅमेऱ्याचाच विषय आहे. गेल्या महिन्यात बाबांची कोलोनोस्कोपी झाली. शौचातून रक्त पडत होतं आणि घरात सगळे ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडून देत होते. तयारीपासून डिस्चार्जपर्यंत सोबत मीच होतो, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आधी यंत्र समजून घ्या. बोटाएवढी जाड, साधारण दीड मीटर लांब लवचिक नळी. टोकाला इमेज सेन्सर आणि लाईट, म्हणजे आपल्या फोनच्या कॅमेऱ्याचाच भाऊबंद. त्याच नळीतून पाणी मारता येतं आणि तारेचा फास घालून पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढता येतो. काही पॉलिपचा पुढे काही वर्षांनी कॅन्सर होतो, म्हणून तो दिसला की काढलेला बरा. काही ठिकाणी आता एआयसुद्धा मदतीला असतो, संशयास्पद जागेभोवती स्क्रीनवर चौकट दाखवतो. अमेरिकेत एफडीएने अशा पहिल्या यंत्रणेला २०२१ मध्ये परवानगी दिली. पण आतडं साफ नसेल तर एआयला तरी काय दिसणार? लेन्सवर चिखल असेल तर १०८ मेगापिक्सेल असून उपयोग नाही, तसंच हे. मग तपासणी परत करावी लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पॉलिप नजरेतून सुटतो.

म्हणून खरी लढाई आदल्या दिवशीच. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, पेरू, बियांचं काहीही बंद. मऊ भात, बटाटा चालतो. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: नारळपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

मग ती पावडर, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. बाबांना दोन लिटर पाण्यात दिली होती. ती शरीरात शोषली जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि सगळं धुऊन काढते. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. मी दर १५ मिनिटांचा अलार्म लावला, अलार्म वाजला की एक ग्लास. चव खारट, बुळबुळीत, थंड करून स्ट्रॉने प्यायलं की जरा जातं. संडासजवळ राहा, फोन चार्ज करून ठेवा! शेवटी फक्त पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं. तसं होत नसेल तर निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करा.

औषधांचं मात्र एक आठवडा आधीच विचारा. मी सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केले. लोहाच्या गोळ्या त्यांनी लगेच थांबवल्या, कारण त्यांनी शौच काळी आणि चिकट होते. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका, हे डॉक्टरच ठरवतील.

त्या दिवशी गाऊन, हाताला सुई, बोटाला ऑक्सिमीटर (नेलपॉलिश असेल तर काढून जा, त्याचा उजेड नखातून जावा लागतो). गुंगीचं इंजेक्शन, डाव्या कुशीवर झोपायचं, संपलं. बाबांना अर्धा तास कळलाच नाही. एक पॉलिप सापडला, तिथल्या तिथे काढला आणि बायोप्सीला पाठवला. आठवड्याने रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. तो मधला आठवडा मी गुगल उघडलं नाही, तुम्हीही उघडू नका.

नंतर पोट फुगतं, गॅस होतो, त्यात लाजायचं काही नाही. २४ तास बाईक चालवायची नाही. खूप रक्त, ताप किंवा पोटात जोरात दुखायला लागलं तर मेसेज टाकत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.