डॉक्टरच झाले पेशंट

मी फिजिओथेरपिस्ट. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगाच्या कडेला नुसतं बसवलं, तरी त्याला गरगरतं, पाय लटपटतात. म्हणून मला वॅलेरी पोल्याकोव या रशियन अंतराळवीर डॉक्टरचं भारी अप्रूप आहे.

जन्म १९४२चा, तुला शहरातला. १९८८मध्ये ते ‘मीर’ या अंतराळ स्थानकावर गेले, ते वर्षभराचा मुक्काम पुरा करत आलेल्या तितोव आणि मानारोव या अंतराळवीरांची प्रकृती सांभाळायला. राहिले २४० दिवस.

खरी गोष्ट दुसऱ्या खेपेची. मंगळापर्यंतच्या प्रवासात माणूस टिकेल का, हे कुणावर तरी तपासायला हवं होतं. ८ जानेवारी १९९४ ते २२ मार्च १९९५, सलग ४३७ दिवस डॉक्टरसाहेब स्वतःच पेशंट झाले. अंतराळात शरीराला भार पेलावाच लागत नाही. मग हाडं झिजतात, स्नायू सुकतात. मुख्य उतारा म्हणजे नेमाने व्यायाम. (आमचे पेशंट नेमका तोच टाळतात!) मनाच्याही चाचण्या झाल्या. सुरुवातीचे आणि परतल्यानंतरचे काही आठवडे जड गेले. मधला काळ बराचसा स्थिर.

इतक्या मुक्कामानंतर अंतराळवीरांना सहसा उचलूनच नेतात. पोल्याकोव यानापासून खुर्चीपर्यंतची चार पावलं स्वतः चालले. एकट्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही, हे मान्य. पण २०२२मध्ये ते गेले, तेव्हाही अंतराळातल्या सलग मुक्कामाचा त्यांचा विक्रम कुणी मोडलेला नव्हता.