तीन दिवस दिसणारा कुत्रा

कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात एक जुना विनोद सांगतात. इथे तुमचा कुत्रा पळून गेला, तर पुढचे तीन दिवस तो पळताना दिसत राहतो. स्वतःच्या सपाटीची थट्टा तिथले लोक स्वतःच करतात. माझ्या ताईला मात्र हा विनोद आवडत नाही. तिच्याकडे मोत्या आणि भिंगरी अशी दोन कुत्री आहेत, आणि भिंगरी एकदा खरंच पळाली होती. ‘‘तीन दिवस कसले? तीन मिनिटांत दिसेनाशी झाली,’’ ताई म्हणते. ‘‘अरे, जमीन लांबून सपाट दिसते. जवळ गेलं की सगळ्या घळी.’’

ताई आणि भावोजी कॅल्गरीला असतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर त्यात राहिलो. कॅल्गरी ते विनिपेग सुमारे १,३०० किलोमीटर. ट्रान्स-कॅनडा महामार्गावरून नेटाने गाडी हाकली तर दोन दिवसांचं काम, आणि बहुतेक लोक ते तसंच उरकतात. पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला सरोवरं, मधली प्रेअरी, म्हणजे गवताळ सपाटी, ही ड्रायव्हरशेजारी बसलेल्याने झोप काढायची जागा. आम्हाला अकरा दिवस लागले. कुत्र्यांना दर दोन तासांनी उतरावं लागतं, त्यामुळे.

मोटरहोम घेतलं तेही कुत्र्यांसाठीच. विमानात मोठ्या कुत्र्याची रवानगी सामानाच्या कप्प्यात होते, आणि मोटेलवाल्याला दर संध्याकाळी ‘‘कुत्री चालतील का?’’ विचारायचं म्हणजे भाड्याचं घर शोधल्यासारखं. त्यापेक्षा घरच बरोबर न्यावं.

हे घर म्हणजे मालवाहू व्हॅनचं तोंड आणि सांगाडा ठेवून मागे बसवलेलं खोकं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग ही या जातीची खूण. तिला क्लास सी म्हणतात. बसएवढी असते ती क्लास ए, आणि व्हॅनच्या पोटातच संसार मांडलेली ती क्लास बी. म्हणजे मोठी, मधली, लहान असा क्रम लावला तर ए, सी, बी. नावं ठेवणाऱ्याची मुळाक्षरं कच्ची असावीत. चालवायला साधा कारचा परवाना पुरतो. पेट्रोल मात्र पाण्यासारखं जातं; लिटरला चार किलोमीटर मिळाले की भावोजी खूश.

पाणी तसं जात नाही. टाकी दीडशे लिटरची. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. इथे दीडशे लिटरमध्ये तीन माणसं आणि दोन कुत्री दोन दिवस काढतात. शिवाय घरात मोरीतून गेलेलं पाणी गेलं, इथे ते आपल्याबरोबरच प्रवास करतं. भांडी-आंघोळीचं करडं पाणी एका टाकीत, संडासाचं काळं दुसऱ्या टाकीत. ती रिकामी करायच्या जागेला कॅनडात सॅनी-डंप म्हणतात. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. उलटं करणारा माणूस ते एकदाच करतो. भावोजी जन्मभर इंजिनिअर होते. हातमोजे चढवून ते हे काम सोवळं नेसून पूजेला बसल्यासारखं करतात. मध्ये बोललेलं चालत नाही.

त्यांची दुसरी पूजा पाणसळीची. मुक्कामाला पोचलं की गवंड्याची पाणसळ ओट्यावर ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चाकांखाली ठोकळे सरकवायचे. कारण फ्रिज. जुन्या मोटरहोममधल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या बारीक ज्योतीने अमोनियाचं द्रावण तापवायचं, वाफ निवून अमोनिया द्रव व्हायचा, आणि पुन्हा उडून जाताना आतली उष्णता ओढून घ्यायचा. आगीवर चालणारा हा गारवा स्वीडनमधल्या बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधला. आतला प्रवाह उतारावरच चालतो, त्यामुळे गाडी तिरकी राहिली की द्रावण अडतं आणि दही आंबतं. फोडणीचा वेगळाच ताप. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागतो, आणि त्याच्या सुरात सूर मिसळून मोत्या.

मोटरहोमचं एक माहेर गवताळ प्रदेशातच आहे, पण सीमेपलीकडे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचं छोटं गाव आहे. १९५०च्या दशकात शेतीची अवस्था बिकट होती आणि तरुण गाव सोडून चालले होते. जॉन हॅन्सन या फर्निचरच्या व्यापाऱ्याने गावकऱ्यांना जमवून एका कॅलिफोर्नियाच्या ट्रेलर कंपनीचा कारखाना १९५८ साली गावात आणवला. पुढे तो गावकऱ्यांनीच विकत घेतला. ती विनेबागो कंपनी. १९६६ साली तिथे पहिलं मोटरहोम बाहेर पडलं. कारसारखं ओळीत उभं करून बांधलेलं, म्हणून इतरांपेक्षा बरंच स्वस्त. काही वर्षांत अमेरिकेत कुठल्याही मोटरहोमला लोक विनेबागो म्हणू लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. विनेबागो हे मुळात एका आदिवासी जमातीला बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला होचंक म्हणवतात. ज्यांना या कुरणांवरून हुसकावलं, त्यांचं नाव गाडीवर रंगवून लोक कुरणं बघायला निघाले. हे मला भावोजींच्या नळीपेक्षा जास्त खटकलं.

कुत्र्यामुळे थांबणाऱ्यांचा मूळपुरुष जॉन स्टाइनबेक. १९६० साली तो पिकअप ट्रकवर बांधलेल्या खोलीत, चार्ली नावाच्या पूडलला घेऊन अमेरिका बघायला निघाला. ट्रकचं नाव त्याने डॉन किखोतेच्या घोड्यावरून रोसिनान्ते ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात तो अजून उभा आहे. बायको मात्र सगळ्या प्रवासात बरोबर नव्हती. नवरा-बायको, दोन कुत्री आणि एक संडास एवढं सगळं दोन खाटांच्या जागेत नांदवणं हा त्याहून मोठा पराक्रम आहे, असं ताईचं मत.

थांबल्यावर काय दिसतं? आधी एलिव्हेटर. धान्याची ही उंच लाकडी कोठारं रेल्वेच्या कडेला असतात आणि भिंतीवर गावाचं नाव रंगवलेलं असतं. शेतकऱ्याला घोडागाडीने माल आणून दिवसात घरी परतता यावं, या हिशेबाने ती थोड्या थोड्या अंतरावर बांधली होती. १९३०च्या दशकात प्रेअरीवर अशी साडेपाच हजारांहून जास्त होती. आता शेकड्यांत मोजावी लागतात. जिथलं कोठार गेलं, अशा कित्येक गावांत पोस्टही उरलेलं नाही, शाळाही नाही. कुत्र्यांना फिरवायला कोठाराचा चौथरा तेवढा उरतो. जुलैत त्याच्या चहूबाजूंनी कॅनोला फुललेला. मोहरीचाच भाईबंद, क्षितिजापर्यंत हळद सांडल्यासारखा.

मग ग्रासलँड्स नॅशनल पार्क. कॅनडातले प्रेअरी डॉग फक्त याच भागात. नावात कुत्रा, जातीने खार. बिळाच्या तोंडाशी उभे राहून ते भुंकल्यासारखा इशारा देतात. जमिनीतून येणारं ते भुंकणं ऐकून मोत्या आपलंच काहीतरी चुकलं असावं, अशा चेहऱ्याने खाली बसला. भिंगरीची साखळी मी दोन्ही हातांनी धरली होती. साखळी इथे सक्तीची आहे, आणि खुळखुळ्या सापांचा मुलूख असल्याने सोयीचीही.

धास्तीचा प्रसंग आधीच, ड्रमहेलरला, घडून गेला होता. डायनोसॉरच्या संग्रहालयात कुत्र्यांना प्रवेश नाही. ती एका कॅम्पग्राउंडवर एसी लावलेल्या गाडीत होती. एका प्रचंड कवटीसमोर उभे असताना ताईचा फोन वाजला. गाडीतलं तापमान कळवणारं यंत्र: ३१ अंश. कॅम्पग्राउंडचा फ्यूज उडाला होता. बंद गाडीत कुत्रा घामावाटे निवत नाही, नुसता धापा टाकतो. भावोजींना मी तोपर्यंत धावताना पाहिलं नव्हतं. दोघंही जिवंत होती. भिंगरी तर भावोजींच्याच उशीवर. तेव्हापासून आम्ही कुठलीही गोष्ट तिघांनी मिळून पाहिली नाही. एकजण गाडीत.

शेवटच्या मुक्कामाला साडेनऊ वाजले तरी उजेड होता. दूर ढग दाटले होते आणि आवाज पोचू नये इतक्या लांब वीज चमकत होती. ताई पायरीवर बसून मोत्याचा पंजा मांडीवर घेऊन कुसळं काढत होती. इथल्या रानटी सातूची कुसळं दातेरी असतात. बोटांच्या बेचक्यात एकदा शिरली की मागे येत नाहीत, आत आतच सरकतात. भावोजी बॅटरी धरून उभे होते. ताई प्रत्येक कुसळ चहाच्या कपात टाकून मोजत होती.

‘‘सतरा,’’ ती म्हणाली. ‘‘आता दुसरा पाय.’’