पहिली सहल, तीही लेहला

परीक्षा आटोपल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आम्ही सहा मित्र पाच दिवसांसाठी लेहला चाललो आहोत. काही गोळ्या लागतील का?" आईवडिलांवाचून होणारी ही पहिलीच सहल. शेजारी बसलेल्या आईला घाटरस्त्यांची आणि खाण्यापिण्याची काळजी, तर चिरंजिवांना आई ऐनवेळी नकार देईल याची. विरळ हवेचा विचार मात्र दोघांनीही फारसा केलेला नसतो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईहून विमानाने निघालेला तरुण काही तासांत दोन कळसूबाईंहूनही उंच जाऊन पोहोचतो. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब उतरल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण दोनतृतीयांश भरतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, मात्र त्यासाठी त्याला काही दिवस लागतात. व्यायामाने कमावलेले शरीरही याला अपवाद नाही.

पाच दिवसांच्या सहलीत नेमका हाच वेळ कापला जातो. दुसऱ्याच दिवशी ५,३५९ मीटरवरील खारदुंग ला, तिसऱ्या दिवशी पँगाँगच्या काठी मुक्काम, असे वेळापत्रक मी अनेकदा पाहतो. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे. म्हणून लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस, शक्य तर तीन, विसावा घ्यावा. सुटी तेवढीच असेल तर पँगाँग पुढल्या खेपेस पाहावे. सरोवर कोठे जात नाही.

त्रास बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत जाणवू लागतो: डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गळून गेल्यासारखे वाटणे. आणि येथेच मित्रांसोबतच्या सहलीचा खरा धोका आहे. घरच्यांबरोबर असलेले मूल डोके दुखले की आईला सांगते. मित्रांत तेच मूल "काही नाही, प्रवासाचा शीण" म्हणून गप्प राहते, कारण आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडावी हे त्याला नको असते. दुखणे लपवून वर चढत राहिल्यास फुफ्फुसांत पाणी साठू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. स्वस्थ बसूनही धाप लागणे, सतत खोकला, बोलण्यात असंबद्धता, सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून चालता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा, रुग्णालय गाठावे आणि खाली उतरवावे.

उतरणे तेथे सोपे नाही, हेही निघण्यापूर्वी ठाऊक असावे. पँगाँगहून लेहला येण्याच्या नेहमीच्या वाटेवर चांग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड आधी चढावी लागते. म्हणून लेहमध्ये डोके दुखत असेल, तर ते पूर्ण थांबेपर्यंत पुढे जाऊच नये.

गोळ्यांविषयी थोडे. अॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास मदत करते. प्रौढांसाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, आणि मित्राच्या पुडीतली गोळी परस्पर घेऊ नये. सिकलसेल, तीव्र रक्तक्षय किंवा हृदयविकार असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी व्हावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. कापराची पुरचुंडी हुंगल्याने बरे वाटते, असे बरेच जण सांगतात. वाटत असेलही, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही.

दिवस हाती असतील तर श्रीनगरहून रस्त्याने, कारगिलला मुक्काम करीत जाणे विमानापेक्षा शरीराला मानवते. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्याने मध्ये एक पायरी मिळते.

आणि पालकांसाठी एक सूचना. पहिल्या दोन्ही रात्री फोन जरूर करावा. मात्र "मजा येते ना?" असे विचारल्यास "हो" हेच उत्तर येईल. त्याऐवजी डोके दुखते का, जेवण गेले का, रात्री झोप लागली का, असे एकेक विचारावे; आणि मग फोन शेजारच्या मित्राकडे द्यायला सांगून त्यालाही तेच विचारावे.