दहापैकी नऊ बरे झाले, म्हणून?



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्जातून 4 हजार मागितले. मुलाला कावीळ झालेली. एक बाबा माळ घालतो आणि कावीळ उतरवतो म्हणे. "मॅडम, दहा जण गेले, नऊ बरे झाले!" मला तेव्हा पटकन उत्तर देता आलं नाही. ते आज लिहिते.

साधी कावीळ बऱ्याचदा आपोआपच उतरते. समजा, माळ न घालताही 10 पैकी 8 जण बरे होतात. आता पिशवीत 10 चिंचोके घ्या, त्यातले 2 घासून पांढरे करा. न बघता एक काढा, काळा आला तर 'बरा' लिहा, परत पिशवीत टाका. असं दहा वेळा करा. नऊ किंवा दहाही वेळा 'बरा' येण्याचं प्रमाण शंभरात साधारण 38! म्हणजे बाबाने काहीच केलं नाही तरी तीन गावांतल्या एका गावात त्याचा गाजावाजा होणारच. या हिशोबाला गणितात द्विपदी वितरण म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, चिंचोके विसरू नका. (आणि ज्याचं पोर दगावलं तो सांगायला येत नाही, हेही धरा.)

मग खरा गुण कसा ओळखायचा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यदूत बायांना शिकवलं. आपल्या जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याने 1970 पासून तयार केल्या, तशाच या बाया. जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांपैकी आधी शंभरात 16-17 दगावायची. आरोग्यदूतांनी घरी जाऊन औषध-इंजेक्शन दिल्यावर 71 बाळांपैकी 2 दगावली. जुन्याच प्रमाणाने 12 जाणार होती. नुसत्या नशिबाने इतकी कमी होण्याची शक्यता दहा हजारात तीन!

पण तिथे दहाच बाळं असती आणि एकही दगावलं नसतं, तरी खात्री नव्हती. तसं नशिबानेही सहातून एकदा घडतं. म्हणून आकडा मोठा लागतो. शिवाय त्यांनी 39 गावांत काम केलं आणि दुसऱ्या 47 गावांशी ताडून पाहिलं. 1999 साली ते लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आलं.

तेव्हा कोणी 'इतके बरे झाले' म्हटलं की विचारा: किती जणांपैकी? उपचार नसता तर किती झाले असते? मोजलं कोणी?

त्या गटाने कर्ज दिलं, पण रक्ततपासणीसाठी. कावीळ झालेला माणूस गुंगीत जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा बाई गरोदर असेल, तर बैठकीचीही वाट पाहू नका. आशाताईंना फोन करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.